बरणीतली मांडवी: पाण्याला कला म्हणायचं का?

फोंडेकर

मंडळी, महिनाभर एक किडा डोक्यात वळवळतोय, तो आज इथे सोडतो.

डिसेंबरात भाचीने मला पणजीला एका कलाप्रदर्शनात ओढून नेलं. मी बँकेत तीस वर्षं व्हाउचरांवर सह्या केलेला माणूस, माझी चित्रांची समज दिनदर्शिकेपुरती. एका खोलीत मधोमध पांढरा चौथरा आणि त्यावर काचेची बरणी. लोणच्याची असते तसलीच, पण चांगली गुडघाभर उंच. आत पाणी. भिंतीवर चिठ्ठी: 'मांडवी'. संपलं! लोक गंभीर तोंडं करून भोवती फिरत होते. मीही एक फेरी मारली, देवळात मारतो तशी, उजवा हात बरणीकडे ठेवून.

तेवढ्यात तिथली एक मुलगी स्टीलचा तांब्या घेऊन आली आणि बरणीत पाणी ओतायला लागली. मी विचारलं, "बाय, हे मांडवीचंच का?" ती म्हणाली, "नाही काका, नळाचं. रोज थोडं उडून जातं ना. खूण करून दिलीय, तिथपर्यंत भरायचं असतं."

म्हणजे मांडवी म्हणून ठेवलेलं पाणी महिनाभराने निम्मं नळाचं! भाची म्हणते, "मामा, तू त्याच्याकडे पाणी म्हणून बघतोयस." अगो, पाणीच आहे ते, दुसरं काय म्हणून बघू? फोंड्यापर्यंत गाडीत आमची जुंपली होती.

माझं म्हणणं साधं आहे. कला म्हटली की ती कुणीतरी केलेली असावी लागते. पाणी कुणी केलं नाही, ते आहे. आणि बरणीतलं पाणी कला असेल, तर दारातून उठून मांडवीच्या काठावर गेलं की समोर दिसते ती काय? ती कला का नाही? तिला चिठ्ठी नाही म्हणून?

तिरकस

आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरवाला येतो. आजपासून त्याला कलाकार म्हणायचं ठरवलं. मानधन तो आधीपासूनच घेतोय.

गेरूचुना

फोंडेकरकाका, मी कला शिकलेय, त्यामुळे भाचीच्या बाजूने दोन शब्द.

1973 साली मायकेल क्रेग-मार्टिन नावाच्या कलाकाराने भिंतीवर उंच काचेची फळी लावून तिच्यावर पाण्याचा ग्लास ठेवला आणि त्याला नाव दिलं 'ओकचं झाड'. शेजारी प्रश्नोत्तरांचा एक कागद. त्यात तो शांतपणे सांगतो की रूप ग्लासाचंच ठेवून मी त्याचं ओकचं झाड केलंय. चेष्टा वाटते, पण नीट बघितलं तर तो तुमचाच प्रश्न विचारतोय: वस्तूत काहीही न बदलता ती दुसरी होते का? देवळातलं तीर्थ आणि तांब्यातलं पाणी रसायनशास्त्राला एकच. तुम्हाला ते एकच वाटतं का?

त्या ग्लासाची एक गंमत सांगतात. तो ऑस्ट्रेलियाला चालला होता. तिथे बाहेरची झाडं आत आणायला बंदी, म्हणून अधिकाऱ्यांनी अडवला. शेवटी कलाकारालाच कबूल करावं लागलं की बाबांनो, हा नुसता पाण्याचा ग्लास आहे.

दुसरं उदाहरण हान्स हाके यांचं, 1963 ते 65 मधलं. पारदर्शक प्लॅस्टिकचा बंद ठोकळा आणि तळाशी थोडं पाणी. खोलीतल्या उबेने पाण्याची वाफ होते, भिंतींना आतून थेंब धरतात, जड झाले की ओघळतात, पुन्हा धरतात. नक्षी पुन्हा तशीच कधी होत नाही. हाके यांनी ठोकळा बंद केला, पुढचं सगळं पाणी करतं. इथे 'केलं कुणी' याचं उत्तर सोपं नाहीये.

सुलूमावशी

सान्नां उकडताना झाकणाखाली रोज हेच बघते मी. वर ती खायलाही मिळतात.

तिरकस

मावशी, तुमचं प्रदर्शन कधी? उद्घाटनाला येतो, डबा घेऊन.

चिरेबंदी

गेरूचुना, उदाहरणं छान, पण सगळी परदेशातली. हा प्रश्न आपल्या भाषेत वेगळ्याच जागी अडकतो असं मला वाटतं.

'कला' म्हणजे मुळात अंश, सोळावा हिस्सा. चंद्राच्या सोळा कला. त्या कुणी केल्या? कुणीच नाही. तोच शब्द चौसष्ट कलांना आहे, आणि त्या सगळ्या माणसाने शिकायच्या, करायच्या. वात्स्यायनाच्या यादीत पाण्याच्या चक्क दोन कला आहेत, उदकवाद्य आणि उदकाघात. म्हणजे पाणी वाजवणं आणि पाण्यात खेळताना पाणी उडवणं. नुसतं पाणी तिथे नाही, हे फोंडेकरांच्या बाजूचं.

पण मराठीत 'कळा'ही आहे. तोंडावर कळा असते, ओसाड घराला अवकळा येते. ही कळा कुणी करत नाही, ती असते किंवा जाते. ऑगस्टात मांडवी तांबडी होऊन वाहते तेव्हा तिच्यावर जी असते, ती मला तरी कळाच वाटते. तेव्हा भांडण मांडवीचं की शब्दाचं, ते आधी ठरवा.

पोदेराची_घंटा

उदकाघात! म्हणजे 24 जूनला सांजांवच्या, सेंट जॉनच्या सणाच्या दिवशी डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालून विहिरीत उड्या मारणारे आमचे सगळे पात्रांव शास्त्रोक्त कलावंत निघाले. माझा भाऊ तर डबल पदवीधर. एकदा विहिरीत, एकदा चुकून शेजारच्या चिखलात.

चिरेबंदी

चिखलात पडला असेल तर माशेलच्या चिखलकाल्याला धाडा. तिथे देवकीकृष्णाच्या समोर मान मिळेल.

निघोजची_आठवण

मी मूळचा पारनेरकडचा, पोटापाण्यासाठी वास्कोत. आमच्या निघोजला कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत, इथल्या बऱ्याच जणांनी बघितले असतील. काळ्या पाषाणात रांजणासारखे खोल खड्डे. भोवऱ्यात अडकलेले गोटे गरगर फिरत राहतात आणि खडक आतून कोरत जातात. लहानपणी आम्ही एका खळग्यात हात घालून तळाचे गोटे चाचपायचो. अंड्यासारखे गुळगुळीत! शिल्पच म्हणा ते. छिन्नीच्या जागी गोटे, एवढाच फरक.

फोंडेकर

@निघोजची_आठवण, फरक एवढाच नाही हो. मूर्तिकार नाक झालं की थांबतो. तुमची कुकडी थांबते का? आणखी हजार वर्षांनी दोन रांजणांच्या मधली भिंत पडून एक डबकं होईल, तिला त्याचं काय! थांबायचं कुठे हे ज्याला कळतं तो कलाकार.

@गेरूचुना, तीर्थाचा मुद्दा लागला. त्यावर विचार करतोय.

रिवणकर

काका, मग उसगाळीमळला या. रिवणजवळ कुशावतीच्या काठी जांभ्यावर कोरलेली चित्रं आहेत. बैल, माणसं, आणि ती गोल गोल फिरत आत जाणारी चक्रव्यूहासारखी आकृती. नदीच्या गाळाखाली ती झाकलेली होती. 1993 मध्ये गावातल्या लोकांनी दाखवली तेव्हा बाहेरच्या जगाला कळली. कोरली माणसाने हे मान्य. पण इतका काळ अंगावर गाळ घालून झाकून ठेवली कुणी? आणि आता उघडी पडल्यावर पावसाळ्यात घासतं कोण? मी तिथे अनवाणी उभा राहिलोय. काही रेषा अशा आहेत की पायाला आधी लागतात, डोळ्यांना मागाहून दिसतात.

माडावरून

तुमची कला चालू द्या. आमच्या म्हादईचं, म्हणजे वरच्या अंगाच्या मांडवीचंच, पाणी 2018 च्या लवादाने टीएमसीत वाटून टाकलं: गोवा 24, कर्नाटक 13.42, महाराष्ट्र 1.33. आधी नदी राहू दे. मग तिला कला म्हणा, कविता म्हणा, नाहीतर बरणीत भरा.

गेरूचुना

माडावरून, मुद्दा भलतीकडचा नाहीये. आइसलँडमध्ये एका गावात जुन्या वाचनालयाच्या इमारतीत रोनी हॉर्न यांनी 2007 मध्ये काचेचे 24 खांब उभे केले. प्रत्येकात हिमनद्यांचं पाणी. हिमनद्या वितळत चालल्यात, आणि खांब राहतील. वाचनालयात पुस्तकांच्या जागी पाणी! पाण्याला कला म्हटल्याने कुणी ते वाचवेल असं नाही, पण माणूस दोन मिनिटं समोर उभा तरी राहतो. टीएमसीच्या आकड्यासमोर कोण उभं राहतं?

माडावरून

आम्ही राहतो.

मानसकार

बरेच दिवस फक्त वाचत होतो. आज लिहितो, कारण पाणी आणि करणं म्हटलं की मला आमची मानस आठवते.

आमचं घर दिवाडी बेटावर, खाजणाच्या कडेला. बाहेरच्यांसाठी सांगतो. खाजण म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल शेतं. बांधात एका जागी मानस असते, चिऱ्यांनी बांधलेली, लाकडी दारांची. दारं अशी बसवलेली की भरती चढायला लागली की नदीचं पाणीच त्यांना ढकलून मिटवतं. सुकती लागली की आतलं पाणी ती उघडून बाहेर पडतं. दार उघडायला-मिटायला माणूस लागत नाही. माणूस लागतो तो दारावर नजर ठेवायला. एखादी फांदी अडकली, दार बोटभर जरी उघडं राहिलं, तर एका उधाणात शेत खारं.

माझे आजोबा ते बघायचे. रात्री मला घेऊन जायचे. बॅटरी बंद करायला लावायचे आणि म्हणायचे, "आयक." आधी पाणी खळखळत बाहेर जात असायचं. मग तो आवाज बारीक व्हायचा. मग काहीच नाही. ती शांतता दोन-चार मिनिटं असेल, पण मला तासाची वाटायची. नदी ना येत असायची ना जात. आणि मग लाकडावर लाकूड टेकल्याचा आवाज, धप्प. भरती लागली. आजोबा उठून विडी पेटवायचे.

ही कला की नाही, मला ठाऊक नाही. आजोबांना विचारलं असतं तर म्हणाले असते, मानशीची पावणी कितीला गेली ते सांग. सुंगटं आणि शेवटे तिथेच जाळ्यात पडायचे, त्यामुळे पावणीवरून, म्हणजे तिथल्या मासेमारीच्या लिलावावरून, गावात दोन दोन वर्षं अबोला चालायचा. पण मला आयुष्यात मैफिलीला बसल्यासारखं पहिल्यांदा वाटलं ते तिथे, डास चावत असताना.

सुलूमावशी

मानसकार बाब, वाचून अंगावर काटा आला.

चिरेबंदी

सुरेख. पण ही कारागिरी, अभियांत्रिकी. म्हणून कमी आहे असं नव्हे. साळावली धरणाचंही तसंच. जास्तीचं पाणी वाहून जावं म्हणून अभियंत्याने तो गोलाकार सांडवा बांधला. आता पावसाळ्यात तिथे पाणी चहूकडून आत कोसळताना बघायला लोक रांगा लावतात. अभियंता फोटोसाठी बांधत नव्हता.

मानसकार

कारागिरी म्हणा. त्या दोन-चार मिनिटांच्या शांततेला काय म्हणायचं तेवढं सांगा. ती कुणी बांधली नव्हती.

दुधसागर_पॅसेंजर

मला एक गंमत नेहमी वाटते. दुधसागरवरून गाडी जाते तेव्हा अख्खा डबा एका बाजूला झुकतो. 310 मीटरवरून पाणी पडतंय, काचेवर तुषार, आणि लोक काय ओरडतात? "बघ, अगदी चित्रासारखं!" आणि हीच माणसं घरी चांगलं चित्र बघितलं की म्हणतात, "वा, अगदी खरंखुरं!" कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने अठराव्या शतकातच हे म्हणून ठेवलंय: निसर्ग कलेसारखा दिसला की सुंदर, आणि कला निसर्गासारखी. तो काही दुधसागरला आला नव्हता.

तिरकस

आला असता तर कुळ्याला जीपच्या रांगेत बसला असता. तत्त्वज्ञान तिथेच सुचतं.

सुलूमावशी

मी काही शिकलेली नाही या विषयात, पण एक विचारते. आमच्या सातेरीच्या देवळात मूर्तीच्या जागी वारूळ आहे. आम्ही त्याला रोयण म्हणतो. वाळव्यांनी तोंडाने माती लावून लावून केलेलं. त्याच्यावर मुखवटा चढवतात, शेवंतीच्या माळा, नऊवारी. मुखवटा सोनाराने केला, तो कला. रोयण कुणी तयार करून आणली नाही. पण पाया पडायचं ते रोयणीच्या. मुखवटा उतरवला तरी देवी तिथेच.

आम्ही रोयणीला कला म्हणत नाही. कुणी म्हटलं तर मला थोडं कमीच केल्यासारखं वाटेल. तसंच पाण्याचं असेल का? कला नाही म्हणून खालचं, असं थोडंच आहे?

गेरूचुना

मावशी, याला माझ्याकडे उत्तर नाही. सात वर्षं शिकले त्यात हा प्रश्न कुणी असा विचारला नव्हता.

दर्याकाठ

विषय सोडून नाही, थोडा बाजूचा. मोरजीला सुकतीच्या वेळी ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी असते, ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्या. मधे एक भोक आणि त्यापासून किरणांसारख्या बाहेर जाणाऱ्या ओळी. छोटे खेकडे करतात. वाळू तोंडात घालायची, त्यातलं खाणं गाळून घ्यायचं, उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकायची. भोकापासून सुरुवात करून पुढे पुढे सरकतात, म्हणून किरण. पायाची चाहूल लागली की सगळे एकदम आत.

माझी सहा वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, कोणी रांगोळी काढली?" मी खाण्याचं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हो, पण मधे गोळी ठेवायची जागा का सोडलीय?" खरोखर, दोन ओळींमधे एक मोकळी वाट होती. खेकड्याची परत पळायची वाट असणार. भरती आली आणि दहा मिनिटांत पाटी कोरी. मुलगी रडली. खेकडा दुसऱ्या दिवशी कामावर हजर.

फोंडेकर

दर्याकाठ, तुमच्या खेकड्याने माझा 'थांबायचं कुठे कळतं' वाला मुद्दा खाल्ला. पोट भरलं की तोही थांबतो.

पण माझी बरणी तशीच राहिली. निसर्ग, मानस, रोयण, सगळं कबूल. नळाचं पाणी भरून त्याला 'मांडवी' म्हणणं मला अजून पटत नाही. ही शुद्ध भेसळ आहे.

ओपाचा_नळ

फोंडेकर, फोंड्याचे असून ओपा विसरलात? पणजीच्या नळाला पाणी ओपाहून येतं, खांडेपार नदीचं. आणि खांडेपार शेवटी मिळते कुठे? मांडवीला. नळात आली नसती तर ती दोन दिवसांनी पणजीखालून स्वतःच गेली असती. भेसळ कसली! मुलीने मांडवीत मांडवीच घातली, जरा वरच्या अंगाची.

फोंडेकर

अरेच्चा.

आगरवाड्याचा

आता माझं ऐका. आमचं मिठागर होतं, आगरवाड्याला. लहानपणापासून पाणी उडताना बघत आलोय.

बरणीत पहिल्यांदा जे भरलं ते पणजीच्या काठचं असेल, तर डिसेंबरात ते खारट. समुद्र तिथेच आहे, भरतीला तो आत येतो. उघड्या बरणीतून रोज उडतं काय? नुसतं गोडं पाणी. मीठ उडत नाही, ते खाली राहतं. आमच्या आगरात दुपारी वारा पडला की पाण्यावर दुधावर साय धरावी तसा मिठाचा पापुद्रा धरायचा. बोट लावलं की तुटून तळाला जायचा. ते का, तर गोडं निघून गेलं म्हणून.

आता त्या मुलीने खारं पाणी आणून घातलं असतं, तर महिनाभरात बरणीचं मिठागर झालं असतं, दर दिवशी जास्त खारं. तिने घातलं गोडं, आणि नेमकं खुणेपर्यंत. म्हणजे जेवढं उडालं तेवढंच परत. मिठाचा हिशेब पहिल्या दिवसासारखा चोख. बँकवाले आहात, तुम्हाला पटेल.

बाहेर मांडवीचं तरी दुसरं काय चालतं? समुद्रावरून गोडं पाणी उडून घाटावर जातं आणि जूनमध्ये वरून परत ओततात.

फोंडेकर

मी ही प्रतिक्रिया भाचीला फोनवर वाचून दाखवली. ती हसत सुटली. म्हणाली, "म्हणजे मामा, ती तांब्यावाली मुलगी पाऊस होती."

तिने तिकडे ओळखीत विचारलंही. खूण करून देणाऱ्याच्या मनात यातलं काही होतं का, ते कळलं नाही. त्या मुलीला 'भर' सांगितलं, ती भरत होती. प्रदर्शन संपल्यावर तिनेच बरणी उचलून दारातल्या कुंड्यांना घातली. खारं पाणी. झाडं गेली असतील बहुतेक.

तिरकस

ओकचं झाड असतं तर ऑस्ट्रेलियाने आधीच अडवलं असतं.

सुलूमावशी

फोंडेकर, मग तुमचं उत्तर काय? पाणी कला की नाही?

फोंडेकर

मावशी, बरणी कला होती. माझ्यापुरती, आणि मुख्य म्हणजे तांब्यामुळे. मांडवीला मी कला म्हणणार नाही, तुम्ही रोयणीला म्हणत नाही त्याच कारणाने. भाची म्हणते हे पळपुटं उत्तर आहे. असेल.

मानसकार, तुमच्या मानशीवर एकदा रात्री यायचंय. दारं अजून लाकडी आहेत का?

मानसकार

एक आहे. या की. फक्त बॅटरी घरी ठेवायची आणि शेवटची फेरीबोट चुकवायची नाही, नाहीतर रात्र बांधावर.

दर्याकाठ

मीही येतो, मुलीला घेऊन. सुकती किती वाजता बदलते?

मानसकार

पुनवेच्या आसपास या, उधाण असतं, दार जोरात मिटतं. नेमकी वेळ आदल्या दिवशी कळवतो. सुलूमावशी, सान्नां आणा.

सुलूमावशी

किती जणांची करू?